अल्हांब्रा : गिलावा, लाकूड, पाणी आणि थोडासा संगमरवर

सांजवारा (धागाकर्ती)

स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हांब्रा राजवाड्याबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं, त्यात वैभव, ऐश्वर्य आणि श्रीमंती हे शब्द हमखास येतात. माझा वाद नेमका त्याच शब्दांशी आहे.

अल्हांब्रा हा श्रीमंत राजाचा राजवाडा नव्हेच. १२३६ मध्ये कोर्दोबा ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं, १२४८ मध्ये सेव्हिल पडलं, आणि स्पेनमध्ये मुसलमानी राज्य म्हणून उरलं ते डोंगरांच्या आडोशाचं एकटं ग्रानादा. इथल्या नस्रिद घराण्याचा मूळपुरुष मुहम्मद पहिला १२३८ मध्ये शहरात शिरला, साबिका टेकडीवर त्याने अल्हांब्राचं बांधकाम काढलं आणि कास्तीलच्या ख्रिस्ती राजाला खंडणी भरत राहिला. सेव्हिलच्या वेढ्यात तर त्याचे स्वार कास्तीलच्या बाजूने उभे होते. आणि याच घराण्याचं ब्रीदवाक्य काय, तर 'अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही'. राजवाड्याच्या भिंतींवर ते इतक्या वेळा कोरलंय की अरबी न येणाऱ्यालाही थोड्या वेळाने त्याचं वळण ओळखू यायला लागतं. खंडणी भरणाऱ्या राजाच्या घरात ही ओळ वाचायची, हे डोक्यात ठेवून बघा.

आता माल बघू. बाहेरच्या तटाबुरुजांत टेकडीचीच तांबडी माती, खडी आणि चुना आहे. फळ्यांच्या साच्यात थरावर थर देऊन ती कुटलेली. बाहेरून एक नक्षी दिसेल तर शपथ. आत शिरलं की भिंतीचा खालचा, साधारण कमरेइतका भाग रंगीत टाइलांचा, त्यावर छतापर्यंत जिप्समचा कोरीव गिलावा आणि माथ्यावर लाकूड. संगमरवर आहे, पण तो मोजका: खांब, फरशी, कारंजी. तोही अल्मेरियाकडच्या मकाएलच्या खाणींतला, म्हणजे स्वतःच्याच राज्यातला. भिंती संगमरवराने मढवणं या लोकांना परवडणारं नव्हतं, आणि माझ्या मते तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. गिलाव्यावर जितकी बारीक अक्षरं आणि पानाफुलांची गुंतवळ निघते, तितकी दगडावर काढायला तिप्पट माणसं आणि पिढ्या लागल्या असत्या.

आपण जे बघतो त्यातलं बहुतेक चौदाव्या शतकातलं, दोन सुलतानांच्या काळातलं. युसुफ पहिला (१३३३ ते १३५४) आणि त्याचा मुलगा मुहम्मद पाचवा. कोमारेस बुरूज आणि त्यातला राजदूतांचा दिवाणखाना बापाचा, बारा सिंहांच्या कारंज्याचा सिंहांचा चौक मुलाचा.

राजदूतांच्या दिवाणखान्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे घाईघाईने फोटो काढून लोक पुढे जातात. खोली चौरस, एक बाजू ११ मीटरच्या आसपास आणि उंची १८ मीटर. भिंत इतकी जाड की खिडकी म्हणजे एकेक छोटी खोलीच. तीन भिंतींत मिळून असे नऊ कोनाडे. दारासमोरच्या मधल्या कोनाड्यात सुलतान बसायचा. त्याच्या पाठीमागून उजेड, म्हणजे आत येणाऱ्या वकिलाला त्याचा चेहरा धड दिसणार नाही, पण वकिलाच्या कपाळावरची आठी मात्र सुलतानाला दिसेल. वर बघितलं की देवदाराचं छत, आठ हजारांवर तुकडे जोडून केलेलं. ताऱ्यांच्या सात ओळी चढत चढत मध्यावर एका छोट्या घुमटीत मिळतात. छताच्या पायाशी कुराणातली सदुसष्टावी सूरा लिहिलेली आहे, ज्यात एकावर एक रचलेल्या सात आकाशांचा उल्लेख येतो. म्हणजे छत बघायचं आणि खालची ओळ वाचायची, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. आता त्या लाकडाचे रंग उडून सगळं तपकिरी दिसतं. मुळात ते रंगवलेलं होतं.

आणि पाणी. दारो नदीचं पाणी वर सुमारे ६ किलोमीटरवर अडवून उताराचा अंदाज घेत पाटाने टेकडीवर आणलं. हा शाही पाट नसता तर टेकडीवर फार तर एक गढी राहिली असती. कोमारेसच्या चौकातला हौद जवळजवळ ३४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना मर्टलच्या झुडपांची कापलेली कुंपणं. हौदाच्या दोन्ही टोकांना जमिनीत एकेक गोल संगमरवरी ताटली. पाणी आधी त्या ताटलीत उमटतं, तिथे जोर मोडतो, मग अरुंद पन्हळीतून सरकत हौदात उतरतं. का, तर पाणी वाहतं राहावं पण वरचा पृष्ठभाग हलू नये. हलला तर बुरुजाचं प्रतिबिंब मोडणार. मला अख्ख्या अल्हांब्रात ही ताटली सर्वांत जास्त आवडते. कुणी तिचा फोटो काढत नाही.

कुणी जाऊन आलं असेल, स्थापत्यातलं असेल, तर भर घाला. विरोधी मतंही चालतील.

गडभटक्या

मस्त लेख, वाचनखूण साठवली. मला राजवाड्यापेक्षा किल्ला म्हणून कुतूहल आहे. प्रवेशाची व्यवस्था कशी आहे? दरवाजा सरळ आहे की आडवळणाचा?

सांजवारा

आडवळणाचाच. न्यायदरवाजा म्हणून मोठा दरवाजा आहे, १३४८ मधला, युसुफचा. बाहेरच्या कमानीवर हाताचा पंजा कोरलाय आणि आतल्या कमानीवर किल्ली. त्यावरून दंतकथा भरपूर. आत शिरलं की वाट काटकोनात वळते, पुन्हा वळते, आणि चढही आहे. आपल्या गोमुखी बांधणीमागचा हिशोबच इथे छताखाली केलाय म्हणा: घोडा आणि ओंडका घेऊन धावत येणाऱ्याला वेग धरता येऊ नये. टेकडीच्या टोकाला अल्काझाबा आहे, तो निव्वळ लष्करी भाग. तिथे नस्रिदांच्या आधीचीही तटबंदी होती. त्याच्या पोटात जमिनीखाली नरसाळ्यासारखी अंधारकोठडी आहे, कैदी दोराने खाली सोडायचे. राजवाड्याच्या बागांतून थेट तिथे गेलात तर ठिकाणाची दुसरी बाजू कळते.

खवचट

लेख चांगला आहे, पण एक शंका. गिलावा आणि लाकूड म्हणजे टिकणारा माल नव्हे. साडेसहाशे वर्षं झाली, १५९० मध्ये जवळच दारूचा स्फोट झाला, १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने जाता जाता सुरुंग लावून काही बुरूज उडवले, १८९० मध्ये आग लागली. मग आज आपण जे बघून 'वा वा' करतो ते नक्की कुणाचं? चौदाव्या शतकातल्या कारागिराचं की एकोणिसाव्या शतकातल्या कंत्राटदाराचं?

सांजवारा

खवचट, प्रश्न नावाला शोभणारा आहे आणि रास्त आहे. उत्तर: दोघांचं, आणि भिंतीगणिक प्रमाण वेगळं.

एकोणिसाव्या शतकात राफाएल कोंत्रेरास नावाचे गृहस्थ दुरुस्तीचे प्रमुख होते. त्यांना राजवाडा जसा होता तसा नको होता, 'पौर्वात्य' दिसायला हवा होता. सिंहांच्या चौकाच्या पूर्वेकडच्या मंडपावर त्यांनी रंगीत कौलांचा गोल घुमट चढवला, जो तिथे कधी नव्हताच. जुन्या फोटोंत तो दिसतो, आणि दिसतोही विचित्र. १९२३ मध्ये लेओपोल्दो तोरेस बाल्बास हे वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी १९३४ मध्ये तो घुमट उतरवला आणि साधं चारपाखी छप्पर बसवलं. गावात बोंब झाली, कारण लोकांना घुमटाची सवय झालेली.

या तोरेस बाल्बास यांचं काम मला फार पटतं. जिथला गिलावा गेलाय तिथे खोटी नक्षी करायची नाही, सपाट गिलावा द्यायचा, म्हणजे जुनं कुठे संपलं ते डोळ्यांना कळतं. माचुकाच्या चौकात तर एका बाजूची कमानींची ओवरी पूर्ण नाहीशी झाली होती. ती पुन्हा बांधायच्या ऐवजी त्यांनी सायप्रसची झाडं लावून ती कमानींच्या आकारात कापून घेतली. चौकाचा तोल साधला आणि कुणाची फसवणूकही झाली नाही. १९३६ मध्ये यादवी सुरू झाली आणि त्यांना पदावरून काढलं.

अभियंता_नाशिक

स्ट्रक्चरच्या बाजूने थोडी भर. सिंहांच्या चौकात १२४ खांब आहेत आणि एकेक इतका सडपातळ की पहिल्यांदा बघणाऱ्याला धास्ती वाटते. ग्रानादा भूकंपाच्या पट्ट्यात आहे. खांबाच्या सांध्यांत शिशाचे पत्रे घातलेले आहेत. शिसं मऊ, त्यामुळे धक्का बसला की सांधा थोडा हलतो आणि संगमरवराची कड फुटत नाही. दुसरं म्हणजे वरच्या कमानी दिसायला कमानी आहेत, काम करत नाहीत. भार वरच्या लाकडी तुळया घेतात आणि खालची जाळीदार गिलाव्याची कमान नुसती टांगलेली असते. म्हणून तिला इतकी भोकं पाडता येतात. खऱ्या कमानीला असं करून बघा!

मुकर्नासचं, म्हणजे छतातल्या लोंबत्या कोनाड्यांच्या नक्षीचंही तेच. दोन बहिणींच्या दालनाचा घुमट म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा ५००० वर तुकड्यांचा डोलारा; त्याचाही इमारतीच्या भाराशी संबंध नाही, त्याला वरचं छप्पर वेगळं आहे. पण भूमिती बघा. इतके तुकडे, तरी मूळ आकार जेमतेम सात. त्यांच्या बाजू एकमेकींना जुळतील अशा मापात धरल्या की कारागीर अक्षरशः लागेल तशी जुळणी करत जातो. साचे तेच, परिणाम दर वेळी निराळा. अबेन्सेर्राखेंच्या दालनात त्याच तुकड्यांतून आठ टोकांचा तारा काढलाय.

नीरजा_प

त्या अबेन्सेर्राखेंच्या दालनातच ना ते रक्ताचे डाग? आमच्या गाइडने फार रंगवून सांगितलं होतं. अबेन्सेर्राखे घराण्यातल्या ३६ सरदारांची मुंडकी उडवली आणि कारंज्यात रक्त मुरलं वगैरे.

अभियंता_नाशिक

लोखंडाचा गंज. संगमरवरात आणि पाण्यात लोह असतं. पण गाइडचं पोट त्यावर चालतं, जाऊ द्या.

पांथस्थ

सांजवाराताई, माझा प्रश्न बाळबोध वाटेल. इस्लाममध्ये सजीवांची चित्रं चालत नाहीत असं ऐकत आलोय. मग बारा सिंह कसे?

सांजवारा

पांथस्थ, बाळबोध अजिबात नाही. मनाई मुख्यतः प्रार्थनेच्या जागेला लागू पडायची. राजवाड्यात सुलतानाची मर्जी. सिंह तर सोडाच, त्याच चौकाच्या पूर्वेला राजांचं दालन आहे, तिथे तीन छतांवर चामड्यावर रंगवलेली माणसं आहेत. मधल्या छतावर फेटे आणि तलवारी घेऊन बसलेले दहा जण, बाजूच्या छतांवर शिकार, बुद्धिबळ, घोडेस्वारांची झुंज. झुंजीत मुसलमान स्वार ख्रिस्ती स्वाराला भाला मारतोय. शैली मात्र ख्रिस्ती युरोपातली! सीमेच्या दोन्ही बाजूंचे चितारी आणि दरबार एकमेकांना चांगले ओळखून होते हे यातून कळतं.

सिंहांबद्दल: बाराही एकमेकांपासून वेगळे आहेत, आयाळ, दात, कान सगळं. ते अकराव्या शतकातल्या दुसऱ्या वाड्यातून आणले असं बराच काळ मानत. पण कारंजं उतरवून साफसफाई केली, तेव्हा सिंह आणि त्यांच्या पाठीवरचं कारंज्याचं ताट एकाच वेळचे, चौदाव्या शतकातले, असं अभ्यासकांचं मत झालं. २०१२ मध्ये ते जागेवर परत बसवले आणि चौकात पुन्हा संगमरवरी फरशी घातली. त्याआधीच्या फोटोंत तिथे खडी दिसेल.

ताटाच्या कडेवर दरबारी कवी इब्न झमराकची कविता कोरली आहे. वितळलेली चांदी मोत्यांतून वाहते, पाणी आणि संगमरवर इतके सारखे की वाहतंय कोण ते कळत नाही, असा तिचा आशय. म्हणजे इमारतच स्वतःची तारीफ करतेय. हा इब्न झमराक मोठा नमुना होता बरं का. वजीर इब्न अल-खतीबचा हा शिष्य, आणि पुढे गुरूवर पाखंडाचा ठपका ठेवण्यात याचाच हात होता. गुरू मोरोक्कोतल्या फेझच्या तुरुंगात गळा दाबून मारला गेला. काही वर्षांनी शिष्याचाही सुलतानाच्या हुकमाने घरातच खून झाला. भिंतींवर दोघांच्याही ओळी होत्या.

खवचट

दुरुस्तीवरचं उत्तर आवडलं, पण मुद्दा सुटलेला नाही. तुम्ही म्हणता छताचे रंग उडाले. गिलाव्याचेही उडालेच असणार. म्हणजे मूळ राजवाडा चांगलाच भडक होता आणि आपण ज्या फिकट, हस्तिदंती सौंदर्यावर भाळतो ते निव्वळ झिजेचं सौंदर्य. सुलतानाला आजचा अल्हांब्रा दाखवला तर तो रंगाऱ्याला बोलावेल.

सांजवारा

बोलावेल, शंभर टक्के! गिलाव्यावर निळा, लाल आणि सोनेरी असे ठसठशीत रंग होते. खोल कोपऱ्यांत अजून निळा सापडतो. लंडनच्या ओवेन जोन्स या वास्तुतज्ज्ञाने १८३४ मध्ये इथे मापं घेतली आणि तेव्हाच रंगांचा हा मुद्दा मांडला. त्याचा जोडीदार ज्यूल गुरी इथेच कॉलऱ्याने गेला. पुढे १८५१ च्या प्रदर्शनाच्या काचमहालाला आतून रंग देताना जोन्सने हेच वापरलं.

आणि रंगांवरून एक अलीकडची गोष्ट. काही सोनेरी गिलाव्यावर जांभळे डाग पडत होते. एकोणिसाव्या शतकात ते झाकायला वरून पांढरं जिप्सम फासलं, तर जांभळा त्यातूनही वर आला. २०२२ मध्ये ग्रानादा विद्यापीठातल्या संशोधकांनी कोडं सोडवलं. सोन्याचा वर्ख थेट गिलाव्यावर नव्हता, कथिलाच्या पत्र्यावर होता. वर्खाच्या बारीक छिद्रांतून कथिल गंजून वर आलं, समुद्राकडून येणाऱ्या हवेतल्या क्षारांनी सोनं थोडं विरघळलं आणि अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात पुन्हा साठलं. इतक्या लहान आकारात सोनं पिवळं दिसत नाही, जांभळं दिसतं. म्हणजे तो डागसुद्धा सोन्याचाच. मी म्हटलं ना, स्वस्तातला माल: सोनं वाचवायला खाली कथिल घातलं होतं!

झिजेच्या सौंदर्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. भूमिती, उजेड, पाणी यांना रंगाची गरज नाही. रंग गेला तरी उन्हं कलली की गिलाव्याची जाळी आपली सावली स्वतःच पाडते.

खवचट

हे तुम्ही फिकट अल्हांब्रा बघून म्हणताय. भडक बघितला असतात तर काय म्हणाला असतात, हा माझा मुद्दा. असो, मतभेद नोंदवून थांबतो.

मिनूचीआई

गणितवाले कुणी आहेत का इथे? माझी लेक दहावीला आहे, तिच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय. १७ प्रकारच्या सममिती अल्हांब्रात आहेत हे खरं का?

अभियंता_नाशिक

सपाट पृष्ठभागावर पुनरावृत्तीची नक्षी सतराच प्रकारांनी करता येते, हे गणिताने सिद्ध झालंय. सगळे सतरा तिथे आहेत का यावर मात्र वाद आहे. १९४० च्या दशकात एडिथ म्युलर यांनी प्रबंधात ११ मोजले, नंतरच्यांनी आकडा वाढवला, काहींनी पूर्ण १७ चा दावा केला. रंग धरायचे की नाही, दुरुस्तीतल्या टाइल धरायच्या की नाही, यावर आकडा बदलतो. प्रोजेक्टमध्ये हा वादच लिहायला सांगा, सर खूश होतील. एशर हा चित्रकार १९२२ मध्ये आणि मग १९३६ मध्ये इथे येऊन टाइलांच्या नकला काढून गेला, तेही टाका. आणि त्या टाइल रंगवलेल्या नाहीत हे तिला आवर्जून सांगा. एकरंगी भाजलेली टाइल हातोडीने टिचवून एकेक आकार काढायचा आणि मग तुकडे जुळवायचे.

मिनूचीआई

खूप आभार! तिला धागाच वाचायला दिला.

रानवेडी

लिंदाराखाच्या सज्जाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. दोन बहिणींच्या दालनाच्या पुढे आहे. खिडक्यांची कड गुडघ्याच्याही खाली, कारण बसायचं जमिनीवर, गालिच्यावर. आपण उभे राहून बघतो म्हणून ती खोली बुटकी वाटते. डोक्यावर रंगीत काचांचं छत टिकलंय. आणि तिथून पूर्वी खाली दारोचं खोरं आणि पलीकडची अल्बायसिन वस्ती दिसायची. १४९२ मध्ये ग्रानादा ख्रिस्ती राजांनी घेतलं, आणि पुढे सम्राट पंचम चार्ल्सच्या काळात समोर खोल्या बांधल्या आणि सज्जाला बघायला एक बंद बाग तेवढी उरली. याचा मला त्या चार्ल्सच्या नव्या महालापेक्षा जास्त राग येतो.

सांजवारा

रानवेडी, अगदी. आणि खरं सांगायचं तर चार्ल्सचा महाल मला आवडतो. १५२७ मध्ये पेद्रो माचुकाने काढला. बाहेरून चौकोनी, आत एकदम गोल चौक. पैसा मात्र धर्मांतरित मुसलमानांवरच्या करांतून आला. १५६८ मध्ये त्यांनी उठाव केला आणि काम रखडलं ते रखडलंच. छप्पर विसाव्या शतकात चढलं. इमारत उत्तम, जागा चुकीची.

नीरजा_प

एप्रिलमध्ये पुन्हा जायचं घाटतंय, या वेळी सासूबाईंना घेऊन. तिकिटांचं आता कसं आहे? त्यांना फार चालवत नाही.

गडभटक्या

माझा भाऊ जाऊन आलाय, त्याच्याकडून: तिकीट नावावर असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. नस्रिद राजवाड्यांत शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते आणि ती चुकली तर आत घेत नाहीत. हंगामात आधीच संपतात, तेव्हा विमानाच्या आधी हे काढा.

रानवेडी

नीरजा, काकूंना घेऊन अल्काझाबाचे बुरूज चढू नकोस, पायऱ्या अरुंद आहेत. हेनेरालिफे या शेजारच्या उन्हाळी महालाच्या बागेतला पाण्याचा जिना तेवढा दाखव. कठड्यावर पालथ्या नाही, उताण्या कौलांची पन्हळ आहे आणि तिच्यातून पाणी धावत असतं, हात धरून उतरता उतरता बोटं भिजतात. उन्हाचं बरं वाटेल त्यांना. चार्ल्सच्या महालात तळमजल्याला संग्रहालय आहे, तिथे हरणांचं चित्र असलेला मोठा नस्रिद रांजण आहे. तो बघा आणि तिथेच जरा बसवा त्यांना.